प्रार्थना कापण्याआधी

ताई, मी पटकथा लिहिते. एका जुन्या धार्मिक कादंबरीवर वीसेक वर्षांपूर्वी एक चित्रपट आला होता. तो आता नव्याने करायचं ठरलंय आणि पटकथेचं काम माझ्याकडे आलंय. गोष्ट एका शिक्षिकेची आहे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या तरुणामुळे तिचा मुलगा जातो. ती रोज रात्री प्रार्थनेला बसते, महिनोन्‌महिने तिला काहीच उत्तर मिळत नाही, आणि शेवटी ती त्या तरुणाला भेटायला तुरुंगात जाते. जुन्या चित्रपटात धर्मगुरूंचं आठ मिनिटांचं प्रवचन होतं, वरून प्रकाशाचा झोत होता. आताचे निर्माते म्हणतात, 'श्रद्धेचा भाग काढा, माणुसकीची गोष्ट ठेवा, म्हणजे सगळ्यांना चालेल.' मी स्वतः देव मानत नाही, त्यामुळे खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या आईने या कादंबरीची पारायणं केली आहेत. तिच्या प्रतीत समासात पेन्सिलीने तारखा घातलेल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक 'आजही काही ऐकू आलं नाही' अशा पानांवर आहेत. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. नव्या चित्रपटात धर्म ठेवावा का? आणि स्वतः मानत नसताना मी प्रार्थना लिहिली तर ती लबाडी नाही का?
— एक पटकथाकार

ठेव. प्रवचन काढ आणि प्रार्थना ठेव. एवढ्यावरच थांबले असते, पण निर्मात्यांसमोर बसल्यावर तुला 'का' ते सांगता आलं पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी निर्मात्यांची बाजू. त्यांना काहीच कळत नाही असं समजू नकोस. त्यांनी जुना चित्रपट पाहिलाय, आणि त्या आठ मिनिटांत लोक कसे चुळबुळतात हे त्यांना ठाऊक आहे. दुखणं खरंच आहे, निदान चुकलंय. जिचं पोर गेलंय अशा बाईला एक माणूस आठ मिनिटं उत्तरं देत बसतो आणि तिला एकही उलट प्रश्न सुचत नाही, हे कुणाला पटेल? देव मानणाऱ्यालाही पटणार नाही, किंबहुना त्यालाच सगळ्यात आधी खटकेल, कारण अशा रात्री त्याने काढलेल्या असतात. कादंबरीत त्या बाईला महिनोन्‌महिने उत्तर मिळत नाही, हे तुझंच वाक्य आहे. म्हणजे कादंबरीतली श्रद्धा जुन्या चित्रपटात कधी आलीच नव्हती. तिच्या जागी एक ठाम खात्री आणून बसवली होती, आणि आता त्या खात्रीचा राग श्रद्धेवर निघतोय.

रिमेकमध्ये ही गफलत हमखास होते. हिशेब मांडला जातो तो जुन्या चित्रपटाशी. त्यात अमुक जास्त झालं ना, मग यात कमी करा. मूळ पुस्तक टेबलावर असतं, पण ते कुणी उघडत नाही. म्हणून जुना चित्रपट एकदा नीट बघ आणि मग पुन्हा बघू नकोस. तुझं नातं कादंबरीशी आहे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते आहे. फार वर्षांपूर्वी एका कादंबरीवरच्या चित्रपटाचे संवाद मी लिहीत होते. त्यात एक म्हातारे हिशेबनीस होते. रात्री झोपण्याआधी ते अंथरुणावर बसायचे आणि देवासमोर दिवसाचा जमाखर्च मांडायचे. नुसते ओठ हलायचे, आवाज नाही. एका बोटाने गुडघ्यावर एकेक रक्कम मोजल्यासारखं करायचे. कादंबरीत हा प्रसंग तीनदा येतो. मी तिन्ही वेळा कापला. कारण दिलं 'गती मंदावते'. शेवटी हे गृहस्थ खोट्या हिशेबावर सही करायला नकार देतात आणि त्यांचं राहतं घर जातं. पहिल्यांदा चित्रपट दाखवला तेव्हा बघणाऱ्यांपैकी एकजण म्हणाला, 'पण एवढा हट्ट कशासाठी?' कुणालाच ते कळलं नव्हतं. मग आम्ही घाईघाईने त्यांच्या तोंडी प्रामाणिकपणावर एक भाषण घातलं. सगळ्या चित्रपटात तेच भाषण सर्वांत उपदेशी झालं. प्रार्थना काढून मी जी जागा मोकळी केली होती, तिथे प्रवचन येऊन बसलं, आणि तेही मीच लिहिलेलं. आजही तो चित्रपट कुठे लागला की मी उठून जाते.

तुझ्या निर्मात्यांना हेच सांग. या बाईची प्रार्थना काढली तर ती तुरुंगात का जाते, हे सांगायला कुणीतरी लागेल. एखादी मैत्रीण लागेल, समुपदेशक लागेल, नाहीतर तिचंच स्वगत. आणि ते कितीही चांगलं लिहिलंस तरी बोलघेवडंच होईल.

मी हल्ली एकच गोष्ट तपासते. या धार्मिक तपशिलावर कुठला निर्णय टांगलेला आहे? कुठलाच नसेल, नुसती सजावट असेल, तर खुशाल काढावा. देव्हारा, झुंबर, घंटानाद, पार्श्वसंगीतातला समूहस्वर यांपैकी बरंचसं गेलं तरी गोष्टीला धक्का लागत नाही. पण पात्र जे करतं ते त्या तपशिलामुळेच करत असेल, तर तो घराचा वासा आहे.

वासा काढला की काय होतं ते 'लेफ्ट बिहाइंड'च्या रिमेकमध्ये दिसतं. टिम लाहे आणि जेरी जेनकिन्स यांची ही कादंबरी १९९५ची. जगभरातले श्रद्धावान लोक एका क्षणात नाहीसे होतात आणि बाकीचे मागे राहतात, अशी कल्पना. पुस्तकात एक वैमानिक आहे. बायकोच्या धार्मिकपणाला तो वैतागलेला असतो. घरी येतो तर बायको नाही, मुलगा नाही, त्यांचे कपडे मात्र जिथल्या तिथे. तो तिच्या चर्चमध्ये जातो, तिथे मागे ठेवलेली चित्रफीत बघतो, आणि ज्या गोष्टीची आयुष्यभर टर उडवली तिच्यापुढे कोसळतो. पुस्तकाचा सगळा भार त्या कोसळण्यावर आहे. पहिला चित्रपट २००० साली आला, निकोलस केजला घेऊन केलेला दुसरा २०१४ साली. दुसऱ्यात बराचसा वेळ आकाशातल्या विमानात जातो, आणि ते विमान कसंबसं जमिनीवर उतरतं तिथे चित्रपट संपतो. त्या पुस्तकाची शिकवण मला स्वतःला पटत नाही, अजिबात नाही. तरीही म्हणते, ज्याला बायकोपुढे आपण चुकलो हे कबूल करायचं होतं आणि आता समोर बायकोच नाही, असा माणूस हातात असताना चित्रपटाने विमानाची काळजी केली. श्रद्धाळू प्रेक्षक हळहळला, आणि इतरांना तर आपण नक्की काय बघितलं तेच कळलं नाही.

याच्या उलट उदाहरण 'बेन-हर'चं. त्यात तुझ्या कामाचं खूप काही आहे, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

ल्यू वॉलेस यांची कादंबरी १८८०ची. पुस्तकाच्या नावाखालीच लिहिलंय की ही ख्रिस्ताची कथा आहे. १८९९ साली तिचं नाटक करायचं ठरलं तेव्हा वॉलेस यांनी अट घातली, की ख्रिस्ताचं काम कुणाही नटाने करायचं नाही. रंगमंचावर त्याच्या जागी प्रकाशाचा झोत आला. १९२५च्या मूकपटातही त्याचा चेहरा दिसत नाही. त्या चित्रपटाच्या रथशर्यतीच्या चित्रीकरणात जे अनेक सहायक राबले, त्यांतला एक होता विल्यम वायलर. चौतीस वर्षांनी, १९५९ साली, याच कादंबरीवर नवा चित्रपट दिग्दर्शित करायला तोच उभा राहिला. वायलर ज्यू होता.

त्याच्या चित्रपटातला पाण्याचा प्रसंग तू पुन्हा काढून बघ. बेड्या घातलेल्या कैद्यांची रांग नाझरेथमधून चालली आहे, त्यांत गोष्टीचा नायक बेन-हरही आहे. सगळ्यांना पाणी मिळतं, पण याला द्यायचं नाही असा रोमन अधिकाऱ्याचा हुकूम. हा जमिनीवर कोसळतो आणि देवाला हाक मारतो. तेवढ्यात कुणीतरी येऊन त्याला पाणी पाजतं. आपल्याला त्या माणसाचा हात दिसतो, पाठ दिसते, केस दिसतात. अधिकारी ओरडत पुढे येतो. तो माणूस शांतपणे उभा राहतो आणि त्याच्याकडे बघतो. कॅमेरा त्या माणसाच्या पाठीमागेच राहतो, आपल्याला दिसतो तो फक्त अधिकाऱ्याचा चेहरा. तो काही बोलायला जातो, थबकतो, वळतो, पुन्हा एकदा मागे बघतो आणि निघून जातो. त्याने काय पाहिलं ते आपल्याला शेवटपर्यंत दाखवलेलं नाही. ज्याची श्रद्धा आहे त्याला ते न दाखवताच दिसतं. ज्याची नाही त्यालाही एक गोष्ट नक्की दिसते, की एका निर्दय माणसाचा हात कशाने तरी थांबला. पुढे क्रूस वाहून नेणाऱ्या त्या माणसाला हाच कैदी पाणी द्यायला धावतो आणि त्याला ओळखतो. शेवटी घरी येऊन सांगतो, की क्रूसावरच्या त्या माणसाच्या आवाजाने माझ्या हातातली तलवार काढून घेतली. सूडाने पेटलेला माणूस सूड का सोडतो याचं सगळं उत्तर त्या घोटभर पाण्यात आहे. ते पाणी निव्वळ 'माणुसकी' म्हणून एखाद्या गावकऱ्याने दिलं असतं तर प्रसंग वाईट झाला नसता, पण अधिकारी मागे का फिरला याला काही कारण उरलं नसतं.

या चित्रपटाला ११ ऑस्कर मिळाले हे बैठकीत जरूर सांग, कारण 'सगळ्यांना चालेल' हा त्यांचा मुद्दा आहे. आणि हेही सांग, की २०१६ साली तोच 'बेन-हर' पुन्हा आला, त्यात ख्रिस्ताचा चेहरा दिसतो, तो बोलतो, क्षमेचा संदेश स्पष्ट शब्दांत आहे, आणि तो चित्रपट तिकीटबारीवर पडला. धर्म जास्त घातला म्हणून चालला किंवा कमी केला म्हणून चालला, असा हिशेब कुठेच जुळत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, लबाडीचा. तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटला.

जॉर्ज बेर्नानोस यांची एका खेड्यातल्या तरुण, आजारी धर्मगुरूच्या रोजनिशीच्या रूपातली कादंबरी १९३६ साली फ्रेंचमध्ये आली. तिच्यावर पटकथा लिहिण्याचं काम आधी जाँ ओराँश यांनी केलं होतं. पुस्तकाच्या शेवटी मरणाऱ्या धर्मगुरूचे शब्द आहेत, की त्याने काय फरक पडतो, सगळी कृपाच आहे. ओराँश यांच्या पटकथेचा शेवट 'माणूस मेला की सगळंच मेलं' अशा अर्थाच्या वाक्यावर होत होता. बेर्नानोस यांनी ती पटकथा नाकारली. पुढे १९५४ साली फ्रांस्वा त्रुफो या तरुण समीक्षकाने एक सणसणीत लेख लिहून हे चव्हाट्यावर आणलं. पुस्तकातला अमुक प्रसंग पडद्यावर दाखवता येणार नाही असं ठरवून त्या पिढीचे पटकथाकार 'समतुल्य' प्रसंग घडवत, आणि त्या समतुल्याच्या आडून लेखकाचा आत्माच बदलून टाकत, असा त्याचा आरोप होता. मधल्या काळात, १९५१ साली, रोबेर ब्रेसाँ यांनी त्याच कादंबरीवर चित्रपट केला होता. शेवटी पडद्यावर माणूस नाही. पांढुरक्या पार्श्वभूमीवर क्रूसाची नुसती आकृती, आणि एक आवाज पत्र वाचतोय. त्यात ते कृपेचं वाक्य जसंच्या तसं येतं.

कृपेवर विश्वास नसणं ही लबाडी नव्हती. मरणाऱ्या माणसाचे शेवटचे शब्द काढून घेऊन त्यांच्या जागी भलत्याच वाक्यावर गोष्ट संपवणं, ही होती. तुझ्या बाबतीतही मी हीच रेघ ओढेन. तुला देव मानायची गरज नाही. ती बाई मानते, हे तू मनापासून मानलंस की पुरे. वॉलेस कधीच कुठल्या चर्चचे सभासद नव्हते. रेल्वेच्या प्रवासात रॉबर्ट इंगरसॉल या नामांकित अज्ञेयवाद्याशी, म्हणजे देव आहे की नाही हे कळूच शकत नाही म्हणणाऱ्याशी, त्यांचं बोलणं झालं, आणि या विषयातलं आपल्याला काहीच माहीत नाही याची लाज वाटून ते कामाला लागले. तू खुनी माणसाचं स्वगत लिहितेस तेव्हा आपण खोटं लिहितोय असं तुला वाटत नाही. मग प्रार्थनेलाच का वाटावं? मला वाटतं, प्रार्थना लिहिताना आपण उघडे पडू अशी भीती असते. ती भीती राहू दे. तिच्यामुळे तू जपून लिहिशील.

एक गोष्ट तुझ्या बाजूनेही आहे. जो मानतो त्याला बऱ्याचदा प्रार्थना सुंदर करायचा मोह होतो. तू तशी करणार नाहीस. त्या बाईला शब्द सुचत नसतील तर तू तिला सुचू देणार नाहीस, मांडी अवघडली तर अवघडू देशील. अकराव्या रात्री ती घड्याळाकडे बघेल. असं लिही.

काही काढावंच लागेल का? लागेल. कादंबरी जुनी आहे म्हणतेस. तिच्यात दुसऱ्या धर्माच्या माणसाला केवळ त्याच्या धर्मामुळे काळं रंगवलं असेल, तर ते बिनदिक्कत काढ. श्रद्धेवर प्रेम असणाऱ्यानेच ते आधी काढायला हवं. मुलाचा मृत्यू ही कशाची तरी शिक्षा होती असं सुचवणारं वाक्य असेल, तर ते कुणाच्या तोंडी आहे ते बघ. नातेवाइकाच्या तोंडी असेल तर ठेव, लोक खरोखरच असं बोलतात. कथेच्या तोंडी असेल तर काढ.

आणि धर्माचं नाव पुसून भाव तेवढा ठेवायचा, हा मधला मार्ग निर्माते तुला सुचवतीलच. तो नेहमीच वाईट असतो असं नाही. मॅडलिन लेंगल यांच्या 'अ रिंकल इन टाइम' या मुलांसाठीच्या १९६२च्या कादंबरीत अंधाराशी लढलेल्यांची नावं घेतली जातात तेव्हा पहिलं नाव येशूचं येतं. २०१८च्या चित्रपटात ते नाव गळलं. एवढ्याने गोष्ट मोडली असं मी म्हणणार नाही. पण पुस्तकाच्या शेवटी गोष्टीच्या नायिकेला, एका शाळकरी मुलीला, निरोपाची भेट म्हणून बायबलमधल्या ओळी मिळतात. दुबळ्यांना निवडून बलवानांना लाजवलं जातं, असा त्यांचा भाव. ती चष्मेवाली, स्वतःला कुरूप समजणारी पोर त्या ओळींवर जीव टांगून एकटीच अंधारात जाते. चित्रपटात त्या ओळी नाहीत. प्रेम आहे, धीर आहे, 'तू आहेस तशी छान आहेस' आहे. पण दुबळेपणाच तुझं शस्त्र आहे, ही विलक्षण गोष्ट तिला कुणी सांगत नाही. मधला मार्ग घ्यायचा झालाच तर अशी ओळ हातून सुटत नाही ना, तेवढं बघ.

बैठकीला जाताना वाद घेऊन जाऊ नकोस, पानं घेऊन जा. प्रार्थनेचा एक प्रसंग लिही, दीड पानाचा, जास्त नको. त्याच रात्रीचा प्रार्थना नसलेला प्रसंगही तितक्याच मन लावून लिही, मुद्दाम पडेल असा लिहू नकोस. दोन्ही त्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि मग दोन्हींच्या नंतर तुरुंगाचा प्रसंग वाच. कादंबरीचे हक्क कोणत्या अटींवर मिळालेत तेही करारात बघून घे. वॉलेस यांच्यासारखी एखादी अट लेखकाने किंवा वारसांनी घातली असेल, तर निम्मा वाद आपोआप मिटेल. एवढं करूनही ते ऐकले नाहीत तर चित्रपट सोडायचा की नाही, ते तुझं तू ठरव. घर चालवणाऱ्या माणसाला दुरून तत्त्वं सांगणं मला जमत नाही. पण सोडला नाहीस तरी तो प्रसंग पटकथेच्या पहिल्या मसुद्यात असू दे. दिग्दर्शकाच्या, नटीच्या हातात तो पडेल. चित्रीकरणाच्या दिवशी कापलेले प्रसंग परत आलेले मी पाहिले आहेत.

राहिली आई. तारखांचं तू ओझरतं लिहिलंस, पण मी त्या वाक्यापाशी फार वेळ थांबले. क्षमेच्या पानावर तारखा नाहीत, 'काही ऐकू आलं नाही' या पानांवर आहेत. म्हणजे ही कादंबरी आईने उत्तरासाठी वाचली नसावी. उत्तर न मिळालेल्या रात्री ती तिथे जाऊन बसत असावी. त्या कुठल्या रात्री होत्या, ते तुला ठाऊक आहे का? मला वाटतं, नाही. प्रत घेऊन तिच्याजवळ जा, चित्रपटाचं सांग, आणि एखाद्या तारखेवर बोट ठेवून विचार. तिला सांगायचं नसेल तर आग्रह धरू नकोस. सांगितलं तर वही काढू नकोस, नुसतं ऐक. ती बसते कशी, बोलताना कुठे थांबते, हात कुठे ठेवते ते बघ, आणि दीड पान त्यानंतर लिहायला घे.